बबनअण्णांचा तांब्या

बबनअण्णा जिवंत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण एखाद्या माणसाबद्दल लिहायला घेतलं की वाचणारा पहिल्या परिच्छेदातच हळहळायला लागतो. हळहळू नका. अण्णा ठणठणीत आहेत, रोज सकाळी नेऱ्याच्या रस्त्यावर उभं राहून डंपरवाल्यांना शिव्या घालतात आणि दुपारी दोन भाकरी खाऊन घोरतात. लिहितोय ते एवढ्याचसाठी की मी त्यांची खोली सोडून एका मोठ्या सोसायटीत राहायला आलो आणि इथे सहा महिन्यांत मला कुणीही तोंडावर गाढव म्हटलेलं नाही. करमत नाही.

हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मी तिथून जवळच्या नेरे गावात खोली शोधत होतो. अण्णांची तीन मजली इमारत होती. वरच्या दोन मजल्यांवर माझ्यासारखे भाडेकरू, खाली अण्णांचं घर आणि घराला चिकटून त्यांचा फोटो स्टुडिओ. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यायची म्हणून अण्णांनी फोटो मागितला. मी मोबाईल पुढे केला.

"मोबाईलमदला फोटू म्हंजी आरशातलं जेवान," अण्णा म्हणाले. "बसा हितं."

मग त्यांनी कपाटातून एक वस्तू काढली. कॅमेरा दिसण्याआधी ती दिसली. पितळी तांब्याएवढी जाड, तेवढीच जड, आणि पुढे अशी रुंद काच की तिच्यात मला माझं अख्खं तोंड दिसत होतं. अण्णांनी ती माझ्यावर रोखली आणि अगदी सहज विचारलं, "पाव्हणं, जल्मात पयला मार कुनाचा खाल्ला?"

मला चौथीतले पाटणकर सर आठवले आणि खट् आवाज झाला.

तो माझा आजवरचा सर्वोत्तम फोटो आहे. डाव्या डोळ्यात पाटणकर सरांची छडी स्पष्ट दिसते. फक्त त्या डोळ्याच्या मागे जे काही होतं ते धुक्यात गेलं होतं, त्यात माझे दोन्ही कान आले. चार दिवसांनी, पोलिसांत कागद देणारा एजंट फोटो घेऊन परत आला. म्हणाला, याला कान नाहीत, चालणार नाही.

"कान भाडं भरनार हायत का?" अण्णांनी विचारलं. शेवटी मोबाईलमधलाच फोटो लावला, पण ते अण्णांना मी कधी सांगितलं नाही.

ती वस्तू म्हणजे पंच्याऐंशी एमएमची लेन्स. फोटोग्राफीतले लोक हिचं नाव घेताना आवाज खाली आणतात. हिचं छिद्र एक पॉईंट दोनपर्यंत उघडतं, म्हणजे इतकं मोठं, की देवघरातल्या समईच्या उजेडातही माणूस छान निघतो. पण त्याची शिक्षा अशी की जिथे नेम धरला तिथलं बोटभर सोडून पुढचं मागचं सगळं विरघळतं. एक डोळा धारदार आला तर दुसऱ्याची हमी नाही. अख्खं गाव हिला 'तांब्या' म्हणत असे. नाव ठेवलं होतं सुमनकाकूंनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी. रस्त्यात जमीन जाऊन पैसे आले तेव्हा गावातल्या लोकांनी गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. अण्णा ही लेन्स घेऊन घरी आले. "लोकांनी गाडी आनली," काकू पुढची दहा वर्षं ज्याला त्याला सांगत राहिल्या, "आन आमच्या ह्यांनी तांब्या आनला. कुटं जायचं त्यो घिऊन?"

त्याआधी अण्णांचा धंदा साधा होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. एकदा पुण्याची काही फोटोवाली मंडळी लग्नाआधीचे फोटो काढायला नवरानवरीला घेऊन लवासाला निघाली होती. वाट दाखवायला त्यांनी अण्णांना गाडीत घेतलं. तळ्याकाठी उभं राहून अण्णांनी, सहज म्हणून, त्यांच्या कॅमेऱ्यातून बघितलं. हा प्रसंग ते भक्तिभावाने सांगत. "म्होरं ती पोरगी. मागं त्या समद्या रिकाम्या बिल्डिंगा, दुकानं, पाट्या. आन मी डोळा लावला तर समदं लवासा पुसलं गेल्यालं! नुस्ती पोरगी उरली. मी म्हनलं, आयला, आसं आस्तंय व्हय! म्हंजी ज्याच्याकडं बघायचं त्येवढंच दिसायला पायजे." एवढं सांगून ते थांबायचे आणि मग हळूच म्हणायचे, "नवरा बी पुसला गेला हुता."

लेन्स घरी आल्यावर आधीच्या साऱ्या लेन्सा त्यांनी वाटून टाकल्या. आता बारसं असो, बैलपोळा असो, नव्या इमारतीचं भूमिपूजन असो, सगळ्याला तांब्या. आणि तोही सताड उघडा, कायम एक पॉईंट दोनवर. मी व्हिडिओ बघून थोडंफार ज्ञान मिळवलं होतं. एकदा म्हटलं, अण्णा, छिद्र जरा लहान करा, आकडा वाढला की ते आकसतं, चारवर न्या, पाचवर न्या, म्हणजे दोन्ही कान येतील.

अण्णांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "त्या जपान्यांनी जीव काडून येवढी मोठी काच घासली, ती मी बुजवून ठिवू? घरात ढीगभर तूप आसताना बोट बुडवून चाटायचं व्हय?"

त्यांचं एक तत्त्व होतं. माणूस डोळ्यात राहतो, बाकी सगळं पार्किंग. ज्या फोटोत डोळा धारेवर नाही तो ते तिथल्या तिथे, गिऱ्हाइकासमोर, अंगठ्याने दाबून उडवायचे. "ह्यो मेला," असं मोठ्यांदा म्हणायचे. बारशात हे ऐकून आयाबाया दचकायच्या.

शेजारच्या एका गावच्या ग्रामपंचायतीचा किस्सा मी डोळ्यांनी बघितलाय. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं आणि सगळ्या सदस्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. सरपंच आणि त्यांचा गट पुढे खुर्च्यांवर, विरोधी गट मागे पायऱ्यांवर. आता पंच्याऐंशीच्या लेन्समध्ये एवढी माणसं मावायची तर फोटोवाल्याला बरंच लांब जावं लागतं. अण्णा डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे सरकायला लागले. अंगण संपलं. फाटक गेलं. रस्ता ओलांडला, एक ट्रॅक्टर थांबवला. "हलायचं न्हाई कुनी!" असं ओरडत त्यांनी अजून एक पाऊल मागे टाकलं आणि ते भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात गेले. कॅमेरा तेवढा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. मदतीला कुणी आलं नाही, कारण हलायचं नाही असा दम त्यांनीच भरला होता. त्या चिखलातून त्यांनी फोटो काढला.

मोबाईलवर सगळ्यांनी बघितला, वाहवा केली. दहा फुटी फ्लेक्स छापून चौकात लागला तेव्हा कळलं, की पुढचे सरपंच आणि त्यांचा गट गुळगुळीत झालाय आणि मागच्या पायरीवरचा विरोधी गटाचा पुढारी असा खणखणीत आलाय की त्याच्या मिशीचे केस मोजावेत. सरपंच तावातावाने स्टुडिओत आले.

"अण्णा, ह्ये मुद्दाम केलंस तू!"

"मुद्दाम न्हाई. मी डोळं बघत फिरलो," अण्णा म्हणाले. "त्येच्या डोळ्यात कायतरी हुतं. तुमच्या न्हवतं. नाष्ट्याकडं बघत हुता तुमी."

सरपंचांनी तो फ्लेक्स उतरवला. विरोधकाने तोच उचलून आपल्या घरावर लावला. त्या गावात अण्णांना पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि तिथला चहा तसाही पाणचट असतो असं अण्णांनी जाहीर केलं.

पण अण्णांचा खरा छंद म्हातारी माणसं. त्यामागे धंद्यातलं एक दुखणं होतं. आपल्याकडे जिवंत म्हाताऱ्याचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही. माणूस गेला की मग धावपळ. दहाव्याला फ्लेक्स हवा, भिंतीला तसबीर हवी. मग कुणीतरी लग्नाचा अल्बम घेऊन अण्णांकडे येणार आणि गर्दीतल्या एका टोपीवर बोट ठेवून म्हणणार, ह्यो आमचा आज्जा, ह्येला कापून द्या. आज्जाचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागे. तो अर्धा अण्णांनी कॉम्प्युटरवर बसून जुळवायचा, मागे निळं आभाळ टाकायचं, अंगात कोट चढवायचा. एका आजीचा चेहरा त्यांना पंगतीतल्या फोटोतून काढावा लागला. गालात घास होता. "दहा वर्सं झाली," अण्णा सांगायचे, "हाराखाली म्हातारी आजून जिलबी खातीया."

म्हणून ते रविवारी स्कूटर काढून गावोगाव जायचे आणि न विचारता म्हाताऱ्यांचे फोटो काढून द्यायचे. मागच्या सीटवर मी, काखेत थर्मोकोलचा तक्ता. उजेड म्हाताऱ्याच्या तोंडावर परतवणे एवढंच माझं काम. अण्णा कुणालाही हसा म्हणायचे नाहीत. पुरुष असेल तर विचारायचे, "आबा, तुमच्या दावनीच्या पयल्या बैलाचं नाव काय?" बाई असेल तर, "आक्का, म्हायेरच्या हिरीचं पानी कसं लागायचं?" प्रश्न कानात शिरून नाव ओठावर यायला जो एक क्षण लागतो, त्या क्षणाला खट्. मी बऱ्याच म्हाताऱ्यांची बैलांची नावं ऐकली आहेत. आपल्या मुलांची नावं सांगताना त्यांचे चेहरे तसे होत नाहीत, हे सांगायला वाईट वाटतं पण खरं आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि एका पावसाळ्यात तीन म्हातारे गेले. तिघांचेही फोटो अण्णांनी त्याच उन्हाळ्यात काढले होते. एकाचं वय एक्क्याण्णव, दुसऱ्याचं अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्याला चौऱ्याण्णवावं लागलं होतं. पण दोष वयाला कोण देतो? खोऱ्यात बातमी पसरली, की तांब्या रोखला की माणूस जातो. आमची स्कूटर दिसली की पारावरचे म्हातारे, ज्यांना एरवी उठायला दोन माणसं लागायची, ते टणाटण उड्या मारत घरात जायला लागले. एका आजीने तर डोक्यावर गोणपाट ओढून घेतलं आणि आतूनच अण्णांच्या सात पिढ्या काढल्या.

उलट बाजूही होती. एक दिवस एक सून स्टुडिओत आली. इकडे तिकडे बघत म्हणाली, "अण्णा, आमच्या आत्याबाईंचा फोटू काढायचा हुता."

"काढू की."

"किती दिसांत गुन येतो?"

 अण्णा हात जोडून म्हणाले, "बाई, ह्या काचंत येवढा गुन आसता तर आमच्या मेव्हन्याचा आल्बम केला आस्ता मी."

काकू आतून हे ऐकत होत्या. मेव्हणा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. त्या दिवशी अण्णांना चहा मिळाला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. एक गोष्ट सोडून. अण्णांचे चुलते, धोंडीतात्या.

अण्णांचे वडील जवळच्याच रिहे गावचे. अण्णा चार वर्षांचे असताना साप चावून गेले. आई लेकराला घेऊन माहेरी, नेऱ्याला आली आणि अण्णा इथलेच झाले. वडिलांचा एकही फोटो नव्हता. चार वर्षांच्या पोराला तोंड काय लक्षात राहणार? पुढे अण्णांच्या आईला वाटलं की पोराला बापाची तसबीर तरी असावी. गावात सगळे म्हणायचे धाकटा धोंडी थोरल्यासारखाच दिसतो. मग तिने दिराला पौडाला स्टुडिओत नेलं, नवऱ्याचा कोट घालून बसवलं, फोटो काढला, काच बसवली आणि हार घातला. ह्यो तुझा बा.

अण्णा वयात येईपर्यंत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते रोज त्या तसबिरीला हात जोडायचे. आणि दर पितृपंधरवड्याला तात्या रिह्याहून जेवायला यायचे, स्वतःच्या हार घातलेल्या फोटोखाली मांडी घालून बसायचे आणि खीर मागून घ्यायचे. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध दरवर्षी जेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तात्या आता पंच्याऐंशीच्या पुढे गेले होते. अण्णांची आई गेलेली, भावकीतलं त्या पिढीचं कुणी उरलं नव्हतं. अण्णा एकदा स्टुडिओच्या पायरीवर बसून काच पुसत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, आई सांगायची, तुझा बा लई हसायचा. आन भितीवरचा मानूस कदी हसला न्हाई. हसंल कसा? तात्याला फोटूवाल्यानं गप बस म्हनून सांगितल्यालं." त्यांनी काचेवर फुंकर मारली. "जगात तात्या येकटाच उरलाय, ज्यानं माझ्या बाला बघितलाय. त्यो गेला की संपलं. मंग मी कुनाला इचारू?"

मी पहिल्यांदाच अण्णांना डोळ्याला डोळा न भिडवता बोलताना बघितलं. 

तात्यांचा फोटो काढायचा ध्यास त्यांनी घेतला होता, आणि तात्या बधत नव्हते. आम्ही रिह्याला गेलो की ते ओट्यावर बसलेले असायचे, डोक्याला टोपी, हातात काठी. अण्णांनी पिशवीला हात घातला की काठी वर व्हायची.

"बबन्या, त्यो तांब्या भाईर काडू नगंस. आन मला फोटू कशाला? माझा लागलाय की तुज्या भितीवर. हार बी हाय. मी मेलो की तुजा फोटू काड आन माझा म्हनून माझ्या पोराच्या घरात लाव. खिळा बी त्योच वापर, नवा नगं."

"तात्या, आवो ती आफवा हाय. फोटूनं कुनी मरतं व्हय?"

"मंग आदी तुजा काड," तात्या म्हणाले. "सव्वा म्हयना बघू. जगलास तर मी बसतो."

अण्णा माझ्याकडे वळले आणि थंड पडले. चाळीस वर्षं लोकांवर कॅमेरा रोखणाऱ्या या माणसाने स्वतःचा फोटो कधी काढूनच घेतला नव्हता. ओट्याच्या कडेला ते असे बसले जणू समोर दाढ काढणारा उभा आहे. हात कुठे ठेवायचे कळेना. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला होता. अण्णांसारखं काहीतरी विचारावं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, पहिल्या बैलाचं नाव?"

"आमच्यात बैल न्हवता!" अण्णा खेकसले आणि मी दाबलं. त्यांचा उजवा कान अप्रतिम आला. बाकीचे अण्णा नव्हते.

"ह्यो मेला," अण्णा सवयीने म्हणाले आणि मग स्वतःच चपापले. तात्या ओट्यावर काठी आपटून हसत होते.

पुढचा सव्वा महिना मी जन्मात विसरणार नाही. अंधश्रद्धेवर तासभर बोलणारे अण्णा पाणी उकळून प्यायला लागले. स्कूटर बंद, कुठेही जायचं तर चालत, तेही रस्त्याच्या कडेकडेने. हिंजवडीच्या चौकात जायचं त्यांनी नावच काढलं नाही, आणि त्यात चूक काहीच नव्हती. त्या चौकात फोटो न काढताही माणूस जातो. शिंक आली तर ते काकूंना कपाळाला हात लावून बघायला सांगायचे. डंपरवाल्यांना शिव्या घरातून, खिडकीआडून.

"तुमी मानत न्हाई न्हवं हे?" काकूंनी विचारलं.

"मी न्हाई मानत," अण्णा म्हणाले. "पन तात्या मानतो. मला कायबी झालं तर त्यो बसनार न्हाई. माझ्या जिवाचं काय न्हाई गं, त्येचा फोटू जाईल."

काकूंनी त्यानंतर रोज स्वतः पाणी उकळून दिलं.

अण्णा जगले. आम्ही रिह्याला पोचलो तेव्हा भात झोडून झालं होतं आणि खळ्यावर पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या. तात्या शब्दाचे पक्के. दाढी करून, धुतलेली टोपी घालून खळ्यात खुर्ची टाकून बसले होते. मी थर्मोकोल धरला. अण्णा पुढे दोन पावलांवर गुडघ्यावर बसले. नेहमीप्रमाणे काही विचारलं नाही. नुसता डोळा लावला आणि एक फोटो घेतला. तात्या त्यात जसे आहेत तसे आले, काठीवर हात, नजर धारेवर, मेल्यावर भिंतीवर कसं बसावं याची चांगली माहिती असलेला माणूस.

अण्णांनी कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही. त्याच्या आडूनच विचारलं, "तात्या, माझा बा कसा हसायचा?"

तात्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "साठ वर्सं लावलीस रं इचारायला."

"भ्या वाटायचं."

"कशाचं?"

"तुमी म्हनला आस्ता ध्यानात न्हाई, तर?"

तात्यांनी काठी खाली ठेवली. "ध्यानात नसाया काय झालं? दादा आवाज न्हाई करायचा हसताना. मान आशी डावीकडं टाकायचा. आन म्होरं यायचा, आंगावर पडल्यावानी. नुस्ता गदागदा हालायचा. आसा—"

आणि तात्या हसले. त्यांचं स्वतःचं हसणं मी ऐकलं होतं, खोकल्यासारखं, काठी आपटत. हे ते नव्हतं. मान डावीकडे पडली, खांदे हलायला लागले, आणि सगळा माणूस खुर्चीतून पुढे, सरळ अण्णांच्या अंगावर आला. खट् खट् खट्. मग तात्यांना खोकला लागला आणि मी थर्मोकोल टाकून पाणी आणायला पळालो.

परत आलो तेव्हा अण्णा कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकं घालून बसले होते. मी वाकून बघितलं. व्हायचं तेच झालं होतं. बोटभराच्या पलीकडे सगळं विरघळवणारा तांब्या, आणि तात्या हातभर पुढे आलेले. मागे राहिलेली खुर्चीची पाठ काय ती स्वच्छ, तिच्या वेताच्या काड्या मोजाव्यात. चेहरा नुसता धुकं. मान डावीकडे कललेली, गाल वर गेलेले, दातांच्या जागी एक उजळ रेघ. डोळे नाहीतच.

अण्णांचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला. हा अंगठा कधी थांबत नसे.

मी म्हटलं, "अण्णा, परत घेऊ. या वेळी छिद्र लहान करा, माझं ऐका."

"पुन्यांदा?" तात्या खोकत म्हणाले. "हसू काय हापश्याचं पानी हाय व्हय, दांडा हानला की यायला? झालं ते झालं."

 एका हाताने अण्णांनी पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून आडोसा धरला आणि फोटो तात्यांसमोर नेला. तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनच्या नावाने ते कायम शेतात पळायचे. त्यांनी पडद्याला नाक लावलं.

"लई स्वच्छ आलाय," तात्या म्हणाले. मग परत बघितलं. "ह्यो मी न्हाई. ह्यो दादा हाय."

मी हसणार होतो. पण मग मीही नीट बघितलं. धुक्यात सुरकुत्या गेल्या होत्या. पंच्याऐंशी वर्षं गेली होती, मोतीबिंदू गेला होता. उरला होता तो तिशीतला एक माणूस, कुणाच्या तरी बोलण्यावर पोट धरून हसणारा. अण्णांनी अंगठा बटणावरून काढला आणि शर्टाला पुसला.

येताना स्कूटर मी चालवली.  मागे बसून अण्णा रडत होते आणि मला ते कळू नये म्हणून मधूनच उगाच कुणाकुणाला शिव्या देत होते. रस्त्यावर कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माझं खोली सोडायचं ठरलं होतं. सामान टेम्पोत चढवून मी निरोप घ्यायला खाली गेलो, तर घरात कार्यक्रम चालू होता. तात्या रिह्याहून आले होते. भिंतीवरची जुनी तसबीर उतरवली होती. तिचा हार काढून तात्यांनी ती काखेत मारली होती. "साठ वर्सांनी सुटलो," ते म्हणत होते. अण्णा स्टुलावर उभे होते, हातात हातोडी, आणि भिंतीवर नवी, भली मोठी तसबीर चढत होती. धुक्यातला तो हसणारा माणूस. डोळा नसलेला फोटो अण्णा आपल्या घरात लावत होते.

काकू पदराला हात पुसत आल्या आणि थबकल्या. "आवो, ह्ये काय लावताय? काय दिसतंय का ह्यात? कोन हाय ह्यो?"

"सासरा हाय तुजा," अण्णा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "पदर घे."

काकू हसल्या. अण्णांचा असला वात्रटपणा त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. मग त्यांनी फोटोकडे बघितलं आणि त्यांचं हसू ओसरलं. हळूच त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला आणि खाली वाकून नमस्कार केला.

"नीट बसली का, तात्या?" अण्णांनी विचारलं.

"डावीकडं कलती झालीया," तात्या म्हणाले.

अण्णांनी तसबिरीला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "दादा तसाच हुता."

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी अण्णांचा निरोप घ्यायला पुढे झालो. ते स्टुलावरच उभे होते, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून. हातोडी खाली लोंबत होती, आणि त्या कलत्या तसबिरीकडे बघता बघता त्यांचीही मान डावीकडे पडली होती.